बाबाकुतु : मादागास्करचे लेमूर आणि त्यांचं रान

रानपाखरू

बरेच दिवस लिहायचं मनात होतं. गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघं मादागास्करला जाऊन आलो. प्रवासवर्णन लिहिणार नाही, ते कुणीही लिहील. मला लेमूरांबद्दल, म्हणजे तिथल्या त्या माकडासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांबद्दल लिहायचंय, कारण इथे या चर्चामंचावर त्यांच्यावर एकही धागा सापडला नाही आणि तो असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

राजधानी अंतानानारिव्होहून पूर्वेला साधारण दीडशे किलोमीटरवर अंदासिबे आहे. वाटेत सगळ्यात आधी लक्षात राहिली ती रस्त्याच्या कडेला ओळीनं उभी केलेली पोती. तोंडाशी वाळलं गवत खोचून दोरीनं आवळलेली, माणसाच्या छातीएवढी उंच. मला वाटलं भाजी असेल. तो लाकडी कोळसा होता. शहरातलं बहुतेक घरचं रांधणं त्याच कोळशावर होतं. मैलोन् मैल पोती, आणि मागे बोडक्या लाल टेकड्या. रान अजून यायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाइडबरोबर आत गेलो. धुकं, पायाखाली निसरडी मुळं, मोज्यांवर जळवा. तासभर काहीच नाही. मग गाइडनं हात वर केला आणि आम्ही जागच्या जागी थांबलो. वर, दोन बुंध्यांच्या बेचक्यात, इंद्री जातीची लेमूर बसली होती. काळी-पांढरी, शेपटी जवळजवळ नाहीच, कान अस्वलाच्या पिल्लासारखे गोल, डोळे पिवळट हिरवे. पाठीवर चार-पाच महिन्यांचं पिल्लू. तिनं मान वर केली, ओठांचा चंबू केला आणि गायला लागली.

सुरुवातीला एक घोगरी गर्जना, मग एकेक लांब सूर वरून खाली घसरत येणारा. शंख आणि तुतारी यांच्या मधला आवाज म्हणता येईल, पण त्यात एक रडवेपण आहे. नर सामील झाला, मग त्यांचं मोठं पोर. आई सूर लावायची तेव्हा पाठीवरचं पिल्लू अख्खं थरथरायचं. तिच्या बरगड्या हलताना खालूनही दिसत होत्या. दोनेक मिनिटांनी ती थांबली, आणि पलीकडच्या टेकडीवरून दुसऱ्या कुटुंबाचं उत्तर आलं. मग आणखी लांबून तिसऱ्याचं. हा आवाज दोन-तीन किलोमीटरवर सहज पोचतो. 'आम्ही इथे आहोत, ही जागा आमची' असा तो रोजचा निरोप.

तिथले लोक इंद्रीला बाबाकुतु म्हणतात. अर्थ 'पूर्वज' किंवा 'बाप' असा सांगतात. गोष्ट अशी की एक माणूस मध काढायला झाडावर चढला, माशा उठल्या, हात सुटला, आणि इंद्रीनं त्याला वरच्या वर झेललं. तेव्हापासून बाबाकुतुला मारायचं नाही, ही 'फादी'. फादी म्हणजे वाडवडिलांनी घालून दिलेली मनाई. कायदा नव्हता तेव्हा कितीतरी गावांत या एका शब्दानं इंद्री राखली.

या गाण्यावर २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी बारा वर्षं वीस कुटुंबांची गाणी ध्वनिमुद्रित केली होती. त्यांच्या सुरांमधलं वेळेचं अंतर एकतर बरोबरीचं असतं, नाहीतर थेट दुप्पट. म्हणजे गाण्यात ठरलेली लय आहे, जशी माणसाच्या संगीतात असते. माणसाखेरीज दुसऱ्या सस्तन प्राण्यात अशी लय तोवर कुणी दाखवली नव्हती.

आता जरा बाकीच्यांबद्दल. लेमूरांच्या शंभराहून जास्त जाती आहेत आणि रानात त्या मादागास्कर आणि शेजारची कोमोरो बेटं सोडून कुठेही नाहीत. सगळ्यात लहान 'मादाम बर्थचा उंदीर-लेमूर', वजन जेमतेम तीस ग्रॅम, मुठीत हरवेल. बर्थ राकोतोसामिमानाना या मालागासी (म्हणजे मादागास्करच्या) संशोधिकेचं नाव त्याला दिलंय. सगळ्यात मोठी इंद्री, नऊ किलोपर्यंत. एक काळ गोरिलाएवढे लेमूरही होते. माणूस बेटावर आल्यानंतरच्या दोनेक हजार वर्षांत निदान सतरा जाती संपल्या, आणि संपल्या त्या सगळ्या आजच्यांपेक्षा मोठ्या.

जाडशेपट्या बुटका लेमूर तर कोरड्या ऋतूत झाडाच्या ढोलीत सात-सात महिने झोपतो. शेपटीत चरबी साठवतो आणि त्यावर जगतो. हृदयाचे ठोके मिनिटाला दहाच्याही खाली येतात. सोनेरी बांबू-लेमूर ज्या बांबूचे कोंब खातो त्यात सायनाइड असतं, आपल्यासारख्या प्राण्याला मारायला लागेल त्याच्या कितीतरी पट, आणि तो रोज खातो. कसं पचवतो ते अजून नीट उलगडलेलं नाही.

आणि बहुतेक जातींत माद्यांचं राज्य. सस्तन प्राण्यांत हे फार दुर्मिळ. चांगली फांदी, कोवळी पानं आधी मादीला. इंद्रीचा नर खालच्या फांद्यांवर बसून आपली पाळी येईपर्यंत थांबतो, हे मी समोर पाहिलं.

आता आकडा. आययूसीएन या निसर्ग राखणाऱ्या जागतिक संघटनेच्या २०२० च्या यादीत १०७ पैकी १०३ जाती संकटात आहेत. त्यातल्या ३३ अतिसंकटग्रस्त, म्हणजे नामशेष होण्याच्या एक पायरी अलीकडे. इंद्री त्यातलीच. इंद्री पिंजऱ्यात जगत नाही. जगातल्या कुठल्याही प्राणिसंग्रहालयात आज ती नाही. ठेवायचे प्रयत्न झाले ते सगळे फसले. दोन-तीन वर्षांतून एकच पिल्लू होतं. म्हणजे 'चार जोड्या सुरक्षित ठिकाणी वाढवू' हा मार्गच बंद. ती वाचेल तर त्याच रानात, आणि ते रान वाचेल तर कडेला भात लावणाऱ्या माणसाच्या हातानं. मला या धाग्यात बोलायचंय ते याबद्दल.

कोकणकडा

रानपाखरू, तो पिल्लू थरथरण्याचा भाग दोनदा वाचला.

मादागास्करमधली 'तावी' म्हणजे रान जाळून केलेली भातशेती, तिच्याबद्दल थोडं लिहितो. ही पद्धत आपल्याला परकी नाही. सह्याद्रीत कुमरी होती, रायगडात दळी होती. आमच्याकडे अजून राब भाजतात: पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून जमीन भाजायची आणि मग रोप टाकायचं. माझे वडील सांगायचे, भाजलेल्या जागेवरचं रोप कसं काळंभोर येतं. राखेनं एक-दोन वर्षं जमीन देते, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

घोळ होतो तो पुढे. पूर्वी जाळलेला तुकडा दहा-पंधरा वर्षं पडीक ठेवत, रान परत उठायचं. माणसं वाढली, जमीन तेवढीच, मग तो अवधी तीन-चार वर्षांवर आला. रान उठायच्या आत पुन्हा आग. शेवटी नुसतं गवत आणि लाल माती उरते, ती पावसात नदीला जाते. १९५३ ते २०१४ या काळात मादागास्करचं ४४ टक्के नैसर्गिक रान गेलं. हा देश महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आहे, त्यावरून अंदाज करा.

त्या शेतकऱ्याला 'जंगलतोड्या' म्हणून मोकळं व्हायला माझं मन घेत नाही. तो तीन वेळा भात खाणारा माणूस आहे, आणि त्याच्याकडे दुसरं खत नाही.

चिन्मय_७

उत्तम धागा. एक प्राथमिक शंका. लेमूर म्हणजे माकडच ना? आणि फक्त तिथेच का? आफ्रिका तर शेजारीच आहे.

रानपाखरू

चिन्मय, माकड नाही. नरवानर गणातच आहे, पण वेगळी शाखा. माकडं, वानर आणि आपण एका फांदीवर. लेमूर, आपल्याकडची लाजवंती (इंग्रजीत स्लेंडर लोरिस) आणि आफ्रिकेतली गॅलागो दुसऱ्या फांदीवर. त्यांचं नाक कुत्र्यासारखं ओलं असतं, वासावर फार भर. खालचे पुढचे दात आडवे आणि सरळ रेषेत असतात, त्यांची फणीच होते. त्या फणीनं ते एकमेकांची लव विंचरतात. पायाच्या दुसऱ्या बोटाला खाजवायची वेगळी नखी असते.

तिथेच का, याचं उत्तर मला फार आवडतं. मादागास्कर आणि भारत एकेकाळी एकच तुकडा होते. साधारण ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले. उडुपीजवळ मालपेहून बोटीनं सेंट मेरीज बेटावर गेला असाल तर तिथले ते षटकोनी दगडी खांब आठवा. ते याच फाटण्याच्या वेळच्या लाव्हाचे आहेत. म्हणजे आपण सहलीला जाऊन ज्या दगडावर बसून फोटो काढतो, तो मादागास्करपासून तुटतानाचा दगड.

पण लेमूर तेव्हा नव्हतेच. त्यांचे पूर्वज नंतर, पाच-सहा कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आले असावेत. मधे चारशे किलोमीटर समुद्र. पुरात वाहून आलेल्या झाडाझुडपांच्या तराफ्यावर बसून आले, असं आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. त्या काळी समुद्राचे प्रवाह पूर्वेकडे वाहत होते असं गणित मांडलं गेलंय, त्यामुळे हे अशक्य वाटत नाही. पुढे माकडं काही तिथे पोचली नाहीत. बेट रिकामं, स्पर्धा नाही, आणि एका पूर्वजापासून शंभर जाती झाल्या.

१८६४ साली फिलिप स्क्लेटर या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं भारत आणि मादागास्कर जोडणारं एक बुडालेलं खंड कल्पिलं होतं. दोन्हीकडे लेमूरासारखे प्राणी कसे, याचा त्याला उलगडा करायचा होता. त्या खंडाचं नाव त्यानं 'लेमूरिया' ठेवलं. खंडं स्वतःच सरकतात हे कळल्यावर ते बुडालेलं खंड निकालात निघालं, पण नाव तमिळनाडूपर्यंत पोचून तिथल्या कुमारी कंदमच्या, म्हणजे बुडालेल्या तमिळ भूमीच्या, कल्पनेत जाऊन बसलं.

अबोली_ब

लाजवंतीचा उल्लेख आला म्हणून आवर्जून लिहितेय. बंगळूरला असताना आम्ही काही जण रात्री लाल प्रकाशाच्या बॅटऱ्या घेऊन लाजवंती शोधायला जायचो. बांबूच्या बेटात दोन निखारे दिसतात, बास. प्रकाश हलवला की निखारे विझतात. मग कळतं की तिनं नुसती मान वळवली. काठीसारखे हातपाय, एकेक पकड पक्की करून पुढे सरकणारी. कानडीत तिला 'काडुपापा' म्हणतात, रानातलं बाळ.

प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं 'लेमूर' हा शब्द रोमन लोकांच्या भुतांच्या नावावरून घेतला, कारण हे प्राणी रात्री हिंडतात. आणि त्या नावाखाली त्यानं अगदी सुरुवातीला ठेवलेल्या प्राण्यांत लाजवंतीही होती. म्हणजे नाव मुळात आपल्या प्राण्यालाही लागलेलं.

तिच्यावरही तीच वेळ आहे. डोळ्यांचं औषध, करणी, भानामती यासाठी पकडतात. २०२२ मध्ये तमिळनाडूनं करूर आणि दिंडुक्कल जिल्ह्यांत कडवूरला तिच्यासाठी देशातलं पहिलं अभयारण्य जाहीर केलं, अकरा हजार आठशे हेक्टरांचं. मला त्या दिवशी रडू आलं होतं.

घननीळ

करणीवरून आठवलं, 'आय-आय' हा लेमूरच ना? त्याला बघितलं की गावात मृत्यू येतो म्हणून मारतात असं वाचलं होतं. खरं आहे का?

रानपाखरू

खरं आहे, घननीळ. काही भागांत समज असा की आय-आयनं आपलं लांब बोट ज्याच्याकडे केलं तो मरतो. मारून गावाबाहेर खांबावर टांगलेले आय-आय लोकांनी पाहिलेत. आपल्याकडे घुबडाचं जे होतं तेच. सगळीकडे नाही हं. काही गावांत त्याला मारणं हीच फादी आहे.

मला तो रात्री दिसला, जेमतेम मिनिटभर. मांजरापेक्षा मोठा, विस्कटलेली काळी लव, वटवाघळासारखे कान. आणि ते मधलं बोट. तारेच्या तुकड्यासारखं बारीक, बाकीच्या बोटांपेक्षा वेगळंच. त्याच्या मुळाशी आपल्या खांद्यासारखा उखळीचा सांधा असतो, त्यामुळे ते कुठेही वळतं. फांदीवर त्या बोटानं टकटक करतो, कान पुढे करून ऐकतो, आत पोकळ कुठे आहे ते हेरतो. मग दातांनी भोक पाडायचं आणि बोट घालून अळी ओढून काढायची. दात उंदरासारखे जन्मभर वाढतात, म्हणून सुरुवातीला शास्त्रज्ञांनी त्याला उंदराच्या गटातच टाकलं होतं. मादागास्करमध्ये सुतारपक्षी नाहीत. त्यांचं काम हा करतो.

इतका गरीब प्राणी. माणसाला घाबरतसुद्धा नाही, सरळ जवळ येतो, आणि तेच त्याच्या जिवावर उठतं.

नागझिरा

लेख चांगला आहे, पण एक गोष्ट टोचते ती सांगतो. मी विदर्भातला. व्याघ्र प्रकल्प झाले, मेळघाटातली गावं उठवली. काही कुटुंबांचं बरं झालं, काही अजून पायरीवर उभी आहेत. रान राखायचं म्हटलं की पहिला घाला ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे त्याच्यावर पडतो. मादागास्करमध्येही परदेशी पैशावर उद्यानं झाली असणार आणि गावकऱ्याला 'आत पाय टाकू नको' सांगितलं असणार. राखलं कुणासाठी? आपल्यासारख्या पर्यटकांसाठी?

रानपाखरू

नागझिरा, रास्त प्रश्न आहे आणि मी तो टाळणार नाही.

झालं तसंच बऱ्याच अंशी. २००३ मध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी, मार्क रावालुमानाना यांनी, डर्बनच्या परिषदेत राखीव क्षेत्र १७ लाख हेक्टरांवरून ६० लाखांवर नेऊ असं जाहीर केलं. नकाशावर ते झालंही. पण २००९ मध्ये सत्तापालट झाला आणि मारोजेजी, मासुआला या उद्यानांतून शिसवाचे ओंडके राजरोस बाहेर पडले, बहुतेक चीनकडे. नकाशावरच्या हिरव्या रंगानं काही अडलं नाही. लाकूडतोड्यांच्या तळांवर पोटाला लेमूर मारले गेले. त्याच मारोजेजीत रेशमी सिफाका हा लेमूर राहतो, पांढराशुभ्र, जगातल्या सर्वात दुर्मिळ नरवानरांपैकी.

पण दुसरं उदाहरण आहे, आणि ते पाहायला आम्ही मुद्दाम वाकडी वाट केली. दक्षिणेत आंबालावाओजवळ आंझा नावाचं रान. तीसेक हेक्टर, आपल्या एखाद्या देवराईला शोभेल एवढं. मोठमोठ्या गोल शिळा, कड्यांच्या कपारीत गावाच्या पूर्वजांची थडगी. ते सरकार चालवत नाही, गावाची संघटना चालवते. १९९६ च्या कायद्यानं मादागास्करमध्ये रानाचं व्यवस्थापन गावाकडे देता येतं. गावसभा, तिला 'फुकुनुलुना' म्हणतात, आपले नियम करते, त्यांना 'दीना'. कुणी झाड तोडलं तर दंड गावच ठरवतं. तिकिटाच्या पैशातून शाळा, मासळीची तळी, रोपवाटिका. वळ्यावळ्यांच्या शेपटीचे लेमूर तिथे शेकड्यानं आहेत. सकाळी शिळांवर मांडी घातल्यासारखे बसतात, हात गुडघ्यावर, पोट उन्हाकडे. २०१२ मध्ये या गावाला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं.

नागझिरा

म्हणजे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावासारखं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' हे पटलं. पण पर्यटक आले नाहीत तर?

रानपाखरू

तोच कच्चा दुवा आहे. २०२० मध्ये सीमा बंद झाल्या, पर्यटन थांबलं, पहारे थांबले, आणि राखीव रानांतल्या आगी त्या वर्षी वाढल्या. तिकिटावर अख्खं रान टांगून ठेवणं बरोबर नाही. पश्चिमेला किरिंदीच्या बाजूला पाहा. दक्षिणेत दुष्काळ पडला की माणसं तिकडे येतात, रान जाळून मका आणि भुईमूग लावतात. मादाम बर्थचा तो तीस ग्रॅमचा जीव फक्त त्याच पट्ट्यात आहे. त्याला वाचवायचं तर दुष्काळी गावात पाणी आणि बियाणं पोचलं पाहिजे, नुसता जंगलात पहारेकरी ठेवून भागणार नाही.

म्हणून मला तिथल्या मालागासी संशोधकांचं काम जास्त भरवशाचं वाटतं. जोना रात्सिंबाझाफी आणि त्यांची 'जेर्प' ही संस्था अंदासिबेशेजारी मारोमिझाहाचं रान गावांना बरोबर घेऊन राखतात. आमचा गाइड तिथल्याच एका गावचा. त्याचे आजोबा तावी करायचे. 'आजोबांना झाडांची नावं माझ्यापेक्षा जास्त यायची,' असं तो म्हणाला, आणि पुढे चालत राहिला. त्याच्या घरी जेवलो. भात उतरल्यावर पातेल्याच्या तळाची खरवड तशीच ठेवून तिच्यात पाणी घालून उकळतात, तेच प्यायला देतात. करपल्या भाताचा वास. माझ्या आजीच्या चुलीपाशी बसल्यासारखं वाटलं.

सुमेधा_ठाणे

एक विचारू का? माझ्या भाच्यानं मोबाइलवर एक क्लिप पाठवली. लेमूर मुलांकडून पाठ खाजवून घेतोय, थांबले की परत खुणावतोय. आणि लगेच, 'मावशी, भारतात मिळतो का पाळायला?' काय सांगू त्याला?

अबोली_ब

सुमेधाताई, ती क्लिप २०१६ पासून फिरतेय. ती पसरली तेव्हा ट्विटरवर 'मलाही पाळायला हवा' म्हणणाऱ्यांची संख्या वाढली, यावर अभ्यासही झालाय. भाच्याला सांगा की लेमूर कळपात जगतो. एकटा ठेवला की तो आपली लव ओढून काढतो, आणि वयात आला की चावतो. मादागास्करच्या शहरांतच २०१० ते २०१३ या काळात अठ्ठावीस हजारांवर लेमूर घरांत आणि हॉटेलांत पाळलेले होते असा अंदाज आहे. बहुतेक पिल्लं आईपासून तोडून आणलेली. सगळ्या लेमूरांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या जागतिक करारानं बंदी आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते कलम आपल्या वन्यजीव कायद्यातही आलंय.

सुमेधा_ठाणे

धन्यवाद. त्याला हाच धागा वाचून दाखवते. इंद्रीचं गाणं ऐकवलं, तर आता दिवसभर ओठांचा चंबू करून हिंडतोय.

मोहोर

कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो: आपला गुलमोहर मादागास्करचा. सदाफुलीही तिथलीच, जिच्यापासून रक्ताच्या कर्करोगावरचं व्हिन्क्रिस्टिन मिळतं. साताऱ्यात १ मे रोजी गुलमोहर दिन करतात. दारात लावलेल्या झाडांचं माहेर जळतंय हे माहीत नसतं आपल्याला.

रानपाखरू

मोहोर, अगदी! आणि तिसरं झाड राहिलं. बागांमध्ये, हॉटेलांपुढे जो पंख्यासारखा पसरलेला 'ट्रॅव्हलर्स पाम' लावतात तोही तिथला, रावेनाला. केळीसारखी पानं, देठाशी पाणी साठतं. त्याची फुलं होडीच्या आकाराच्या कडक आवरणात बंद असतात. ते आवरण हातांनी फाकवून आत तोंड घालतो तो काळा-पांढरा रफ्ड लेमूर. मध पितो, नाकाला पराग लागतात, तसाच पुढच्या झाडावर जातो. परागीभवन करणारा हा जगातला सगळ्यात मोठा प्राणी मानला जातो. तोही अतिसंकटग्रस्त आहे.

कोकणकडा

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी दोन आहेत. बारा वर्षं त्यांच्या शेजारून जातोय. आत्ता हे वाचून शिडी लावून वर चढलो. एका झाडाला फुलोरा आहे. हिरवट होड्या एकावर एक रचल्यासारख्या, कडा सुरीसारख्या. दोन्ही हातांनी एक आवरण उघडायचा प्रयत्न केला. निघालं नाही, अंगठ्याला तेवढं कापलं. वॉचमन खालून विचारत होता, साहेब काय शोधताय.